याकुशा-ए : पेंटिंग नाही, आणि 'ई' तर नाहीच

प्रश्न असा होता की जपानी 'याकुशा-ए' म्हणजे काबुकी (जपानचा पारंपरिक नाट्यप्रकार) नटांची पेंटिंग्ज का, मराठीत काय म्हणायचं आणि उच्चार 'ई' की 'ए'. उच्चार 'ए'च, रोमन स्पेलिंग बघून आपण 'उकियो-ए'चं (ज्या चित्रपरंपरेत ही नटचित्रं येतात तिचं नाव) 'उकियोई' वगैरे करून टाकतो. ए म्हणजे चित्र. याकु म्हणजे नाटकातली भूमिका आणि शा म्हणजे माणूस, 'गेइशा'तला शा तोच. तेव्हा सरळ 'नटचित्र' म्हणा, 'अभिनेताचित्र' फारच सरकारी वाटतं.

पण पेंटिंग म्हणू नका बुवा. चित्रकार पातळ कागदावर फक्त रेखाटन करायचा, तो कागद चेरीच्या लाकडावर उलटा चिकटवून कोरणारा त्याच्यावरूनच कोरत जायचा, म्हणजे मूळ चित्र संपलंच की! मग दर रंगाला वेगळा ठसा, छापणारा वेगळा, आणि पैसा लावणारा प्रकाशक वेगळाच. म्हणून मला 'ठसाचित्र' बरं वाटतं, 'काष्ठमुद्राचित्र' बरोबर आहे पण बोलताना जीभ अडखळते.

शाराकू ह्या चित्रकाराचं घ्या. 1794 च्या मध्याला उगवला, जेमतेम दहा महिन्यांत दीडशेच्या आसपास चित्रं काढली आणि गायब, तो नक्की कोण यावर अजून वाद चालतात. त्याचा प्रकाशक त्सुताया जुझाबुरो. सुरुवातीच्या चित्रांत मागे अभ्रकाची पूड लावलेली काळसर चकाकी आणि पुढे नुसतं डोकं-खांदे, ह्या प्रकाराला ओकुबि-ए म्हणतात, शब्दशः 'मोठ्या डोक्याचं चित्र'.

आता त्यातलं सेगावा किकुनोजो तिसरा ह्या नटाचं चित्र बघा, भूमिका ओशिझु नावाच्या बाईची. कपाळावर जांभळी पट्टी, ती आजारपणाची खूण, पण खाली जबडा चांगला भरदार, चाळिशी ओलांडलेला पुरुष लपतच नाही! बायकांच्या भूमिका करणाऱ्या अशा नटांना जपानीत ओन्नागाता म्हणतात, 1629 मध्ये बायकांना रंगभूमीवर बंदी आली त्यानंतर ही प्रथा रुजली. लोक भाषांतर करतात 'स्त्रीवेषधारी पुरुष अभिनेता', अरे आपल्याकडे बालगंधर्वांच्या काळापासूनचा 'स्त्रीपार्टी' हा तयार शब्द पडलाय की, तोच वापरा. फरक एवढाच की आपल्याकडे ती प्रथा जवळपास संपली, काबुकीत अजून चालू आहे.