गव्हाणी घुबडाच्या पिल्लाला बोनलेस चिकन चालतं का?

बोनलेस आजच बंद करा.

तुम्ही लिहिलंय, चोपड्याजवळच्या जिनिंगच्या गोदामात पिल्लू सापडलं, आठ दिवस चिकनचे तुकडे गपागप खातंय, वजनही वाढलंय, मग उंदीर हवेतच कशाला? पोट भरलेलं दिसतं, हाडं दिसत नाहीत, म्हणून.

मी हे स्वतः करून बसलोय. जळगावला आमच्या गल्लीत असंच पिल्लू आलं होतं. आजी म्हणे, "लक्ष्मीनं वाहन शे हाई", म्हणून घुबड असलेल्या घरात उंदीर मारायचे नाहीत. मी तीन आठवडे स्वच्छ, बिनहाडाचं चिकन भरवलं. एक दिवस पिल्लू उठेना, दोन्ही पाय बाजूला पसरलेले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, तर पायाची हाडं धड दिसतच नव्हती आणि एक मधोमध वाकलेलं. ते पिल्लू पुढे जगलं, उडालं मात्र नाही.

कारण साधं आहे. १०० ग्रॅम बोनलेसमध्ये फॉस्फरस २०० मिलिग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम जेमतेम १०. हा तोल इतका बिघडला की शरीर आपल्याच हाडांतून कॅल्शियम ओढतं. अख्ख्या मोठ्या उंदरात उलट असतं, कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दीडपट, कारण सांगाडा आत असतो. यकृतातून 'अ' जीवनसत्त्व मिळतं, जे नुसत्या मांसात नावापुरतंच. उंदराचा दोनतृतीयांश भाग पाणी, त्यामुळे तहानही त्यातूनच भागते. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश झालं म्हणून चमच्याने चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. कॅल्शियमची गोळी कुटून चिकनवर भुरभुरवली तर? हाडांचं थोडंफार भागेल, बाकीचं कुठून आणणार? आणि नुसती कलेजी देऊन 'अ' भरून काढायला गेलात तर ते अति होऊन वेगळंच दुखणं मागे लागतं.

उंदराची गुलाबी, बिनकेसाची पिल्लं स्वस्त मिळतात, पण त्यात जवळपास ८० टक्के पाणीच असतं आणि हाडं अजून कच्ची. पूर्ण वाढलेला पांढरा उंदीर घ्या, मेलेला, मोठा वाटला तर कापून, पण कातडी-हाडांसकट.

गोदामातला किंवा शेतातला उंदीर चुकूनही नको. ब्रोमॅडिओलोन, म्हणजे उंदीर मारायचं औषध, खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, चार दिवस फिरतो, आणि विष त्याच्या यकृतात साठलेलं असतं. हॅचरीतली एक दिवसाची कोंबडीची पिल्लं अनेक ठिकाणी देतात, पण कुठून आली हे नक्की ठाऊक असेल तरच. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापूरच्या पोल्ट्रीतच सापडला होता.

आणखी एक, तुम्हाला आवडणार नाही. घुबड घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. वनखात्याच्या १९२६ ला फोन लावा आणि आठ दिवस काय खायला घातलं ते खरं खरं सांगा. माणूस येईपर्यंत भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, पंख्याच्या झोतापासून लांब ठेवा.

तोवर उंदीर दिलात तर पुढे काही तासांनी ते मान खाली घालून उबळ दिल्यासारखं करेल. घाबरू नका, आजारी नाही. काळसर, ओलसर गोळी टाकेल. आत केस आणि बारीक हाडं. बोनलेसवर होतं तेव्हा अशी एक तरी पडली होती का, आठवून बघा.