रेबीजग्रस्त प्राणी अमेरिकेत हजारोंनी सापडतात, मग मृत्यू भारतात अधिक का?

आपण विचारले आहे की, अमेरिकेत दरवर्षी हजारो रेबीजग्रस्त प्राणी सापडूनही माणसे क्वचितच दगावतात, आणि भारतात प्राण्यांची नोंद तुटपुंजी असताना मृत्यू मात्र हजारांत कसे. पशुवैद्यक या नात्याने मी आधी हे पाहीन की प्राण्यांचा आकडा कसा जमा होतो.

अमेरिकेत माणसाला चावलेल्या संशयित प्राण्याचा मेंदू प्रयोगशाळेत तपासला जातो. वर्षाला लाखाच्या आसपास प्राण्यांची तपासणी होते, त्यांतील सुमारे चार हजारांत विषाणू आढळतो, आणि त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक रॅकून, स्कंक, कोल्हे, वटवाघळे असे वन्य प्राणी असतात. कुत्र्यांमध्ये फिरणारा विषाणू तिथून संपल्याचे २००७ मध्ये जाहीर झाले. त्यामुळे उंबरठ्याशी वावरणाऱ्या प्राण्यापासून धोका जवळजवळ उरला नाही. जे थोडे मृत्यू होतात, त्यांत वटवाघळांचा वाटा मोठा आहे, कारण त्यांचे दात इतके बारीक असतात की चावा लक्षातच येत नाही आणि लस राहून जाते.

आपल्याकडे विषाणू कुत्र्यांतच फिरतो. मात्र मेलेल्या कुत्र्याचे डोके बर्फात ठेवून वेळेत प्रयोगशाळेत पोहोचवण्याची सोय बहुतेक तालुक्यांत नसल्याने तो कुत्रा पुरला जातो आणि नोंद होतच नाही. मानवी मृत्यूंचे अंदाजही पद्धतीनुसार बदलतात: जागतिक आरोग्य संघटनेचा जुना अंदाज वर्षाला १८ ते २० हजारांचा होता, तर अलीकडच्या देशव्यापी पाहणीवरून काढलेला सुमारे ५,७०० चा आहे.

विषाणू कोणत्या प्राण्यात मुरला आहे यावर उपायही ठरतो. स्वित्झर्लंडमध्ये तो कोल्ह्यांत होता, म्हणून १९७८ मध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात कोंबड्यांच्या मुंडक्यांत लस भरून ती रानात टाकण्यात आली. मेक्सिकोने कुत्र्यांचे सामूहिक लसीकरण केले आणि कुत्र्यांमुळे होणारे मानवी मृत्यू थांबवल्याची मान्यता २०१९ मध्ये मिळवली. तरी तिथे रक्त पिणाऱ्या वटवाघळांमुळे गुरांना रेबीज होतोच.

गोव्यातही कुत्र्यांचे व्यापक लसीकरण झाले. २०१८ आणि २०१९ मध्ये तिथे एकाही मानवी मृत्यूची नोंद नाही, मात्र त्याच काळात काही कुत्र्यांत रेबीज आढळत राहिला. संशयित कुत्रे शोधून तपासले गेले म्हणूनच ते आढळले, त्यामुळे या आकड्याला मी गोव्याची उणीव मानत नाही.