'होम' आणि 'स्टोन': हे यमक की नाही?

देवगडहून विचारणा आली आहे: शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुलीनं लिहिलेल्या इंग्रजी कवितेत 'होम' आणि 'स्टोन' यमकाच्या जागी आलेत. हे चुकलं का? आणि असं यमक ओळखायचं कसं?

चुकलेलं नाही. हे अपुरं यमक आहे. इंग्रजीत त्याला स्लँट ऱ्हाइम किंवा हाफ ऱ्हाइम म्हणतात. स्वर तोच, शेवटी म आणि न. दोन्ही नाकातले, म्हणून कानाला शेजारचे वाटतात. 'माड–झाड' पुरतं जुळतं, 'माड–लाट' जुळता जुळता राहतं, तसंच हे.

आपला कान फसतो तो वेगळ्याच ठिकाणी. मराठीत शेवटचं अक्षर जुळलं की आपलं समाधान होतं. मालवणीतलं 'माका–तुका' कुणाला खटकत नाही. इंग्रजीत मात्र मोजणी आघाताच्या स्वरापासून सुरू होते आणि शब्द संपेपर्यंत चालते. 'रनिंग–सिंगिंग'मध्ये 'इंग' जुळतं, पण जोर पहिल्या अक्षरावर आहे आणि तिथले स्वर निराळे. म्हणून ते पूर्ण यमक नव्हे, 'रनिंग–कनिंग' पूर्ण.

तेव्हा स्पेलिंग झाकून शब्द मोठ्यानं म्हणा आणि जोर कुठे पडतो ते धरा. तिथल्या स्वरापासून पुढचं सगळं सारखं आणि त्याच्या आधीचं व्यंजन वेगळं असेल, तर यमक पूर्ण. स्वर तोच पण शेवटचं व्यंजन वेगळं, किंवा व्यंजन तेच पण स्वर वेगळा, तर अपुरं. या दुसऱ्या प्रकाराचं टोक म्हणजे इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेनचं 'हॉल–हेल': दोन्हीकडची व्यंजनं कायम, मधला स्वर तेवढा बदललेला.

देवनागरीत लिहून पाहिलं तर 'लव्ह–मूव्ह'सारखी नुसती डोळ्यांची यमकं, म्हणजे स्पेलिंग जुळतं पण उच्चार जुळत नाही अशी, लगेच उघडी पडतात. पण 'फिट–सीट' तिथेही निसटतं. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ इकार फारसा वेगळा ठेवत नाही; इंग्रजीत ते दोन वेगळे स्वर आहेत, त्यामुळे ही जोडी अपुरी. 'शांतता' या अर्थाचा 'पीस' आणि 'वाटाणे' या अर्थाचा शब्द यांचंही तेच. दुसऱ्याच्या शेवटी एस लिहितात, पण उच्चार 'जाळं'मधल्या ज कडे झुकणारा.

अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनच्या कवितांत अशी यमकं जागोजागी आहेत. १८९० साली तिचा पहिला संग्रह निघाला तेव्हा संपादकांनी त्यातली काही घासूनपुसून सरळ केली. आज वाचक तिचं मूळ रूपच पसंत करतात. त्यामुळे शाळेत कुणी 'होम–स्टोन' खोडायला निघालं तर आधी बाकीच्या ओळी पाहाव्यात. सगळी यमकं पूर्ण आणि हे एकच अपुरं असेल, तर ते चुकीसारखं ऐकू येईल. आणखी दोनतीन तशीच असतील तर बिनधास्त ठेवावं. बदलायचंच झालं आणि कवितेत समुद्र असला, तर लाटेच्या फेसाला इंग्रजीत 'फोम' म्हणतात. 'होम'शी तो पुरता जुळतो.