लिनक्स टाकल्यावर रोज काहीतरी अडतं. परत विंडोजवर जाऊ का?

खारघरहून तुम्ही विचारलंय की 2016 च्या लॅपटॉपवर विंडोज 11 चढेना म्हणून लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) टाकलं, महिना झाला, आणि रोज नवी कटकट, कधी प्रिंटरची, कधी झाकण लावूनही न झोपणाऱ्या लॅपटॉपची. बायको म्हणते नवा लॅपटॉप घेऊन मोकळे व्हा, मित्र म्हणतो दुसरं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा दुसरा अवतार, टाक.

मित्राचं ऐकू नका. आम्हा लिनक्सवाल्यांकडे कुठल्याही दुखण्यावर हे एकच औषध असतं, आणि त्यानं प्रिंटर चालू झालेला मी आजवर पाहिलेला नाही. बायकोच्या म्हणण्याकडे शेवटी येतो.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो. माझा लॅपटॉपही तुमच्याच लॅपटॉपच्या वयाचा, सहाव्या पिढीचा इंटेल. विंडोज 11 ला आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, शिवाय टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार हे आधीच जाहीर होतं, म्हणून मी वर्षभर आधीच मिंट टाकून बसलो. अर्ध्या डिस्कवर विंडोज राहू दिलं, कारण बायको करसल्लागार आहे आणि तेव्हा लॅपटॉप दोघांत एकच होता.

पहिला तमाशा तिथेच झाला. रात्री मी मिंट वापरायचो, सकाळी दहाला ती विंडोज उघडायची, तर घड्याळात पहाटेचे साडेचार. ती दुरुस्त करायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिनं ठरवलं की लॅपटॉपचा सेल गेला. सेल उत्तम होता. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स ग्रीनिचची, आणि दोघांत फरक साडेपाच तासांचा. मिंटमध्ये टर्मिनल (आदेश टाइप करायची खिडकी) उघडून टाइमडेटसीटीएल या आदेशापुढे ‘सेट-लोकल-आरटीसी 1’ एवढं दिलं (अर्थात रोमन लिपीत) आणि भांडण मिटलं. डिस्कचंही असंच. मिंटमधून विंडोजच्या भागातली फाइल उघडायची, पण सेव्ह होत नसे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शट डाउन म्हटल्यावर ते पुरतं बंद न होता अर्धवट झोपतं, आणि झोपलेल्याच्या डिस्कवर मिंट लिहीत नाही, नुसतं वाचतं. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद केलं की झालं. या दोन्ही गोष्टी आयुष्यात एकदाच करायच्या. तुमच्या रोजच्या कटकटींतल्या बऱ्याचशा अशाच निघतील, पण त्या सगळ्या पहिल्याच महिन्यात अंगावर येतात, त्यामुळे माणसाला वाटतं जन्मभर असंच चालणार.

मला खरा छळ झाला तो मराठीचा. मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे. सप्टेंबरअखेरच्या आत वार्षिक सभा घ्यायची, तिची नोटीस वेळेत लावायची, त्यामुळे गेल्या वर्षीची फाइल उघडून तारखा बदलायच्या हा माझा शिरस्ता. लिब्रेऑफिसमध्ये (मिंटमधला वर्डचा मोफत पर्याय) फाइल उघडली. एका पानाची नोटीस दीड पानाची झाली होती, आणि दुसऱ्या पानावर फक्त ‘आपला विश्वासू, सचिव’. मूळ फाइल मंगल फॉन्टमध्ये होती. मंगल विंडोजचा फॉन्ट, मिंटमध्ये नसतो, मग लिब्रेऑफिस हाताला लागेल तो देवनागरी फॉन्ट लावतं आणि ओळींची उंची बदलते. इंग्रजीत हे फारसं जाणवत नाही, कारण एरियल, टाइम्स, कॅलिब्री यांच्या मापाला माप जुळणारे मुक्त फॉन्ट तयार आहेत. मंगलसाठी तसा जुळा भाऊ मला सापडला नाही. शेवटी मी फॉन्टच बदलला. मुंबईच्या एक टाइपनं केलेला मुक्ता किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका घ्या, दोन्ही मुक्त आहेत. सोसायटीतल्या विंडोजवाल्यांनाही तेच टाकायला लावले, म्हणजे फाइल इकडून तिकडे गेली तरी हलत नाही.

नोटीस लागली त्या संध्याकाळी तळमजल्यावरचे नाना, निवृत्त शिक्षक, फलकापाशी चष्मा वर करून उभे. म्हणाले, “सचिव, हा ल हिंदी आहे. आणि श सुद्धा.” खरंच होता! मराठीचा ल आणि श हिंदीहून वेगळ्या वळणाचे असतात, आणि ज्या फॉन्टात दोन्ही वळणं असतात त्यात मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं तरच आपलं वळण दिसतं. लिब्रेऑफिसच्या भाषेच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ समोर हिंदी होतं, तिथे मराठी केलं. नानांनी पुढची नोटीसही तपासली. त्यांच्यापेक्षा कडक टेस्टर मला ऐरोलीच्या आयटी पार्कातही भेटला नाही.

युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारं मानक) आधीच्या फायली असतील तर मात्र कपाळाला हात. 2004 सालची आमची इतिवृत्तं उघडली तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता भुसा. त्या काळच्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असत. तो विशिष्ट फॉन्ट मशीनवर नसला की मजकूर संपला. यात लिनक्सचा काही दोष नाही, नव्या विंडोजवरही तो फॉन्ट नसेल तर तेच दिसेल. मी ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेतली, तरी वेलांट्या आणि रफार हातानंच नीट करावे लागले. तीन रविवार गेले.

टाइप करण्याचं म्हणाल, तर रोमनमध्ये ‘mi’ ऐवजी थेट मराठी शिकाच, अशी माझी जरा हट्टी शिफारस आहे. मिंटच्या कीबोर्ड लेआउटमध्ये मराठीचे पर्याय आहेत. त्यातला इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा कळांचा आराखडा सरकारी मानक आहे, मोबाइलपासून विंडोजपर्यंत सगळीकडे मिळतो. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यातला अर्धा ऱ लोकांना सापडत नाही. शिफ्ट धरून र ची कळ दाबा, मग हलन्त, मग पुढचं अक्षर. पंधरा दिवस बोटं रडतात, मग बसतं.

प्रिंटरबद्दल थोडक्यात. वायफायवरचा, एअरप्रिंट (ड्रायव्हरशिवाय छापायची सोय) चालणारा अलीकडचा प्रिंटर असेल तर मिंटला तो आपोआप दिसतो, ड्रायव्हर शोधावा लागत नाही. माझा जुना लेझर त्या जातीचा नव्हता. त्याच्या कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर कधी चाले, कधी पान अर्धं छापून थांबे, आणि इंटरनेटवरचे आठ-दहा वर्षांपूर्वीचे आदेश चिकटवून मी एकदा छपाईची अख्खी व्यवस्थाच मोडली. तेव्हापासून काहीही आगाऊपणा करायच्या आधी मिंटमधल्या टाइमशिफ्टनं स्नॅपशॉट (प्रणालीची त्या क्षणाची प्रत) घेतो, म्हणजे घडी विस्कटली तरी कालच्या दिवसावर परत जाता येतं. तुम्ही ते अजून चालू केलं नसेल तर हे उत्तर इथेच ठेवून आधी ते करा. छपाईला मी आता पीडीएफ घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातो.

आता बायको. तिच्या कामात डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लागतं. त्याला टोकनवाल्याचा ड्रायव्हर, त्यावर साइटची छोटी युटिलिटी, त्यावर ब्राउझर, अशी उतरंड. एक मडकं हललं की सही होत नाही. शिवाय तिचं हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठीच बनतं. जुलैअखेर जवळ आलेली, आणि मी वाइनमधून (विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवू पाहणारा प्रोग्रॅम) ते चालवायच्या खटपटीत. “तुझ्या छंदापायी माझ्या क्लायंटचं रिटर्न अडणार नाही,” असं तिनं ऐकवलं आणि विंडोज 11 चा लॅपटॉप घेतला. बरोबर केलं. या बाबतीत मी लिनक्सची वकिली करत नाही.

तेव्हा परत जायचं का, हे घरात कोण काय काम करतं त्यावर आहे. डिजिटल सही किंवा असं हिशेबाचं सॉफ्टवेअर कुणाला लागत असेल, तर त्या माणसाला विंडोजचं मशीन द्या आणि मिंट स्वतःपुरतं ठेवा. त्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज 10 मात्र परत टाकू नका, त्याचा नेहमीचा सपोर्ट संपलाय. नुसतं ब्राउझर, बँक, पत्रं, सिनेमे असतील तर नव्या लॅपटॉपचे पैसे वाचले. झाकण लावल्यावर झोपत नाही असं तुम्ही लिहिलंय, ते आधी पॉवरच्या सेटिंगमध्ये बघा. तोवर चालू लॅपटॉप बॅगेत घालून लोकलमध्ये चढू नका, माझा पनवेलपर्यंत इस्त्रीसारखा तापला होता. बोटाच्या ठशाचा सेन्सर चालत नसेल तर तो नाद सोडा, मीही सोडला.

प्रिंटरचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळवा, मग सांगतो की खटपट करायची की झेरॉक्सवाला शोधायचा.