तुम्ही आधी बोला... नाही नाही, तुम्ही बोला!

या वेळी 'आपण एकमेकांशी बोलतो कसं' यावर प्रश्न मागवले होते. पत्रं ढिगानं आली, त्यातल्या निम्म्यांत प्रश्न नाहीच, नवऱ्याची नाहीतर बायकोची तक्रार आहे, असो. जागा आहे तेवढी घेतलीत.

ताई, बायको म्हणते मी तिला वाक्य पुरं करूच देत नाही. माझं म्हणणं, मी फक्त पटकन उत्तर देतो. बरोबर कोण? (बार्शी)

तुमचं भांडण सोडवायला मी येणार नाही, पण पटकन उत्तर देणं हा काही तुमचा एकट्याचा गुण नाही, सगळं जग तसंच बोलतं. २००९ मध्ये दहा भाषांमधल्या खऱ्या गप्पा तपासून एक अभ्यास छापून आला होता, जपानी, डॅनिश, लाओ, मेक्सिकोतली त्सेल्ताल वगैरे, मराठी नव्हती त्यात. हो-नाही उत्तराचा प्रश्न संपला की समोरच्याचं उत्तर सुरू व्हायला सरासरी किती वेळ लागतो ते मोजलं, तर साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानी सगळ्यात फास्ट, सरासरी ७ मिलिसेकंद, डॅनिश सगळ्यात निवांत, तरी ४६९च.

आता गंमत अशी की एखादं चित्र बघून त्याचं नुसतं नाव सांगायचं म्हणलं तरी माणसाला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. मग २०० मध्ये उत्तर येतं कुठून? तर समोरचा बोलत असतानाच आपण आपलं उत्तर जुळवायला घेतलेलं असतं, आणि त्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाजही बांधत असतो. "तू ते लाइटबिल..." एवढं ऐकलं की "भरलं, भरलं, काल भरलं!" तयार. मराठीत क्रियापद शेवटी आणि नकार तर त्याच्याही मागे, त्यामुळे कधीकधी तोंडावर आपटायला होतं, "मी रविवारी येणार..." "अरे वा!" "...नाहीये."

हे एकमेकांच्या बोलण्याच्या पाळ्या सांभाळण्याचं कोडं हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या संभाषणाचा अभ्यास करणाऱ्या तिघांनी १९७४ मध्ये फार सोप्या नियमांत मांडलं. बोलणाऱ्यानं पुढच्याला नेमलं (नाव घेऊन, प्रश्न विचारून, नुसतं बघून) तर त्यानं बोलायचं, कोणालाच नेमलं नाही तर जो आधी सुरू करेल पाळी त्याची, आणि कोणीच सुरू केलं नाही तर आधीचाच पुढे चालू. ही पाळी बदलते ती वाक्य संपेल असं वाटतं तिथे, आणि माणसं नेमकी तिथेच घुसतात, त्यामुळे शेवटच्या दोन शब्दांवर तुमचं बोलणं चढलं तर त्याला तोडणं म्हणत नाहीत. पण तुम्ही स्वतःच एकदा बघा, तुम्ही मध्ये बोलल्यावर वहिनींचाच विषय पुढे जातो, की गाडी तुमच्या ऑफिसकडे वळते? वळत असेल तर त्यांचंच बरोबर आहे. (पत्रात तुम्ही वहिनींचं म्हणणं एका ओळीत आणि स्वतःचं दीड पानात लिहिलंय, म्हणून आपली शंका.)

ऑनलाइन मीटिंगमध्ये आधी सगळे गप्प, मग दोघं एकदम सुरू, मग पुन्हा दोघंही गप्प. आमच्याच टीमचं असं आहे का? (ठाणे)

सगळ्यांचं. वर २०० मिलिसेकंद म्हणलं ना, नेटवर्कमधनं आवाज पोचायलाच तेवढा उशीर सहज होतो. तुमचं बोलून झालं, समोरच्यानं वेळेवर सुरूही केलं, पण ते तुमच्या कानावर येईपर्यंत तुम्हाला वाटतं कोणी बोलत नाहीये, म्हणून तुम्हीच पुन्हा सुरू करता, आणि धडक. नजरेनं नेमायची सोयही गेली, कारण स्क्रीनवर कोण कोणाकडे बघतंय ते कळतच नाही. सरळ नाव घेऊन विचारा. "कोणाला काही बोलायचंय का?" हा प्रश्न मात्र बंदच करा, त्याचं उत्तर शांतताच असते.

मैत्रिणीला ट्रिपला येतेस का विचारलं, ती म्हणाली "हो... म्हणजे... बघते ना". आता हे हो धरायचं की नाही? (नाशिक)

नाही धरा आणि तिची सीट दुसरीला द्या. आमंत्रणाला होकार असला की तो ताबडतोब येतो, सोबत काही कारण-बिरण लागत नाही, "येते की!" बस्स. नकार उशिरा येतो, 'अं', 'म्हणजे', 'तसं काही नाही पण' असली पॅकिंग लावून येतो, आणि पुष्कळदा खुद्द 'नाही' हा शब्द येतच नाही. त्या दहा भाषांच्या अभ्यासातही होकारार्थी उत्तरं नकारांपेक्षा लवकर आलेली दिसली, म्हणजे आपलाच भिडस्तपणा आहे असं नाही. आणि खरं तर तिच्या पहिल्या थांब्यालाच तुम्हाला कळलं होतं, म्हणूनच पत्र लिहिलंत.

आईचा फोन "चल ठेवते" म्हणल्यानंतर अजून वीस मिनिटं चालतो. यामागे काही शास्त्र आहे का? (डोंबिवली)

आहे, आणि माझा सगळ्यात आवडता प्रश्न हाच. फोन संपवणं या एकाच गोष्टीवर शेग्लॉफ आणि सॅक्स यांनी १९७३ मध्ये अख्खा पेपर लिहिलाय. त्यांचा मुद्दा असा की गप्पा आपोआप संपत नाहीत, दोघांनी मिळून संपवाव्या लागतात. एकानं एकदम थांबून चालत नाही, कारण त्याची ती शांतता दुसऱ्याला 'रागावला वाटतं' अशी ऐकू येते. आपल्याकडचा नमुना घ्या:

"बरं मग..."
"हां."
"बाकी काय?"
"काही नाही, चाललंय."
"चल मग, ठेवते."
"हो, ठेव."
"अगं हो, सांगायचंच राहिलं..."

यातलं "बरं मग" बघा, त्यात माहिती शून्य. माझ्याकडे आता सांगण्यासारखं काही नाही, तुझ्याकडे असेल तर बोल, एवढंच त्याचं काम. तुम्ही "हां" म्हणून तुमचीही पाळी सोडून दिलीत की दोघी दारापर्यंत आल्या. पण ज्या गोष्टीला आतापर्यंत जागाच मिळाली नव्हती ती घुसवायची शेवटची संधीही इथेच असते, म्हणून "राहिलंच" इथे येतं. आणि "बाकी काय" हा तर चकवाच आहे, दिसतो समारोपासारखा पण तुम्ही चुकून "काही नाही, जरा पाठ दुखतेय" म्हणलात की गेली वीस मिनिटं. एक मात्र सांगते, पैसे, डॉक्टरांचा रिपोर्ट, भावाशी झालेली बोलाचाली, असल्या गोष्टींनी फोन सुरू करता येत नाही, त्या पुष्कळदा या "अगं हो" च्या मागनंच येतात. तेव्हा ते एक वाक्य पूर्ण ऐकून घ्या आणि मग काय ते ठरवा.

बाकी उपाय जुनाच, ठेवण्याचं कारण स्वतःच्या नावावर न घालता समोरच्याच्या नावावर घालायचं, "तुझं जेवण व्हायचं असेल ना गं", "तुला उद्या लवकर उठायचंय". त्या पेपरमधल्या अमेरिकन उदाहरणांतही 'तुझे फार पैसे जातायत' हे कारण आहे, आपल्याकडे एसटीडीच्या काळात हेच चालायचं. आता अनलिमिटेड पॅक आल्यामुळे ते गेलं, त्यामुळे सध्या कुकर, दारावरची बेल आणि दोन टक्के बॅटरी यांच्यावरच भागवा.