हिवाळ्यात आठवडाभर रजा आहे, पण लांब जायचं नाही. घराजवळच पक्षीनिरीक्षण करण्यात अर्थ आहे का?

नक्कीच आहे. माझा आग्रह तर असा की रोज नवी जागा शोधू नका. चालत जाता येईल अशी एकच जागा धरा आणि आठवडाभर तीच बघा.

त्याला कारण आहे. थंडीत येणाऱ्या पाहुण्यांपैकी बरेच पक्षी आल्यावर आपापला टापू धरतात आणि परत जाईपर्यंत तो राखतात. कृष्ण थिरथिरा घ्या. आज ज्या कुंपणावर दिसला, उद्याही तो तिथेच असण्याची शक्यता मोठी. नर काळा, पोटाला तांबूस, मादी मातकट, शेपटी मात्र दोघांचीही विटकरी. बसल्या जागी शेपूट थरथरवतो, मध्येच उठाबशा काढतो, खाली झेपावून किडा टिपतो आणि पुन्हा उंचवट्यावर येऊन बसतो. त्याच्या बसायच्या जागा एकदा कळल्या की तो शोधावा लागत नाही.

धोबी या पाण्याकाठच्या पक्ष्यांवर तर याबाबत सुंदर संशोधन झालं आहे. पक्ष्यांचे अभ्यासक निक डेव्हिस यांनी १९७०च्या दशकात इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या नदीकाठी थंडीतल्या धोब्यांवर नजर ठेवली. टापूचा मालक काठाने फेरी मारत किडे वेचत जायचा. तो फिरून परत येईपर्यंत पाण्याने नवे किडे काठाला आणून टाकलेले असायचे. मध्येच दुसरा कोणी येऊन वेचून गेला तर ही सगळी घडी विस्कटणार, म्हणून घुसखोराला तो हाकलायचा. खाणं मुबलक असलं की मात्र एखाद्या दुसऱ्या धोब्याला राहू द्यायचा, कारण टापू राखायला त्याची मदत व्हायची! तुमच्या जवळ ओढा किंवा कालवा असेल तर एक सकाळ फक्त एका धोब्याला द्या. तो कुठून निघतो, कुठे वळतो, कोणावर धावून जातो, एवढंच लिहा. लांबलचक यादीपेक्षा त्यातून जास्त हाती लागतं असं मला मनापासून वाटतं.

दाट झुडपात डोळ्यांपेक्षा कान उपयोगी. गारगोट्या आपटल्यासारखं ‘टक् टक्’ ऐकू आलं तर बहुधा ब्लिथचा वटवट्या. झाडाच्या सावलीतून कोरडं ‘ट्रर्र्र’ आलं आणि शेपूट वर उडवताना तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरं दिसलं, तर लालकंठी माशीमार. सगळ्यांचा कंठ लाल नसतो, तेव्हा शेपटीवर भरवसा ठेवा.

पहाटेच उठायला हवं असं नाही. गारठा असेल तर कोवळं ऊन पडेपर्यंत किडेच हलत नाहीत, मग किडे खाणारे तरी काय करणार? शिकारी पक्ष्यांसाठी आणखी उशिरा आकाशाकडे बघा. जमीन तापून गरम हवा वर चढू लागली की ते तिच्यावर घिरट्या घेतात.

८×४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिमी भिंगाची दुर्बीण पुरते. ओळख पटवण्यासाठी आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. आपल्या टापूत कोणी शिरलं असं समजून तो चरायचं सोडून भांडायला येतो. नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकणार असाल तर साळुंक्या, बुलबुल, कावळेसुद्धा मोजा. ओळखू आलेले सगळे पक्षी नोंदवले तरच ती यादी पूर्ण धरली जाते, आणि एखादा पक्षी त्या दिवशी तिथे आढळला नाही हेही अभ्यासकांना अशाच यादीतून कळतं.