‘शाळा काढणारे गुरुजी’ इंग्रजीत कसे लिहावेत?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. ‘आमच्या गावात पहिली शाळा काढणारे गुरुजी मागच्या वर्षी वारले’ हे वाक्य मी वर्गात भाषांतराला दिले होते. बऱ्याच मुलांनी ‘द टीचर ओपनिंग द फर्स्ट स्कूल इन अवर व्हिलेज डाइड लास्ट इयर’ असे लिहिले, तर काहींनी ‘हू हॅड ओपन्ड’ अशी रचना केली. पहिले वाक्य चुकीचे आहे हे जाणवते. पण ‘द बॉय सिटिंग नियर द विंडो’ बरोबर असेल तर हे का नाही, हे मुलांना पटवून देता आले नाही. — एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : आपल्याला जाणवले ते योग्यच आहे, आणि मुलांच्या चुकीचे मूळ त्यांच्या निष्काळजीपणात नसून मराठीच्या एका सोयीत आहे. ‘काढणारे’ या रूपात काळ सांगितलेला नसतो. ‘अर्ज करणारा उमेदवार’ म्हटले की त्याने अर्ज केला आहे, तो आत्ता करतो आहे की पुढे करणार आहे, हे उरलेल्या वाक्यावरून आणि प्रसंगावरून आपण ओळखतो. इंग्रजीत ही मोकळीक नाही. माणसाचे वर्णन त्याच्या कृतीने करायचे झाले की ती कृती केव्हाची, हे बहुतेक वेळा त्या वर्णनातच ठरवून सांगावे लागते, आणि ‘हू’ने सुरू होणारे उपवाक्य हे काम करते, कारण त्यात काळ दाखवणारे पूर्ण क्रियापद बसते.

नामाला नुसते ‘इंग’चे रूप जोडले, तर इंग्रजी वाचकाला ती क्रिया त्या वेळी चालू आहे असे वाटते. खिडकीजवळ बसलेला मुलगा आपण पाहतो तेव्हा तो बसलेलाच असतो, म्हणून ‘सिटिंग’ चालते. शाळा काढणे ही मात्र एकदा घडून संपलेली गोष्ट आहे, म्हणून तेथे ‘द टीचर हू ओपन्ड द फर्स्ट स्कूल’ असेच लिहिले पाहिजे. ‘काल खिडकी फोडणारा मुलगा’ हेही ‘द बॉय ब्रेकिंग द विंडो यस्टर्डे’ होत नाही. ‘द बॉय हू ब्रोक द विंडो यस्टर्डे’ होते. वर्गात ही दोन वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत आणि प्रत्येकाखाली ‘चालू’ की ‘संपलेली’ एवढेच मुलांकडून लिहून घ्यावे. नियमाचे नाव त्यांना नंतर सांगितले तरी चालेल.

एक अपवाद मुलांना अवश्य सांगावा, कारण चरित्रपर निबंधात तो पदोपदी येतो. ‘पहिला’, ‘शेवटचा’, ‘एकमेव’ अशा शब्दांनंतर इंग्रजीत बहुधा ‘टू’ची रचना येते. 1984 मध्ये एव्हरेस्ट सर करणाऱ्या पहिल्या भारतीय महिला बचेंद्री पाल यांच्याविषयी लिहिताना ‘द फर्स्ट इंडियन वुमन टू क्लाइम्ब एव्हरेस्ट’ ही रचना स्वाभाविक वाटते.

आता ‘हॅड’विषयी. आपण बोलताना ‘काल आला होता तो माणूस’ असे सहज म्हणतो आणि त्या ‘होता’चे ‘हॅड’ करतो. इंग्रजीत मात्र ‘हॅड’ हे भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या क्षणाच्याही आधीचे दाखवण्यासाठी असते. म्हणून ‘द मॅन हू केम यस्टर्डे इज माय अंकल’ हे बरोबर, आणि तेथे ‘हॅड कम’ चूक. गुरुजींच्या वाक्यात शाळा आधी निघाली आणि गुरुजी नंतर वारले हे उघडच असल्यामुळे ‘हॅड ओपन्ड’ चूक नसले तरी ‘ओपन्ड’ पुरेसे आहे. ‘हॅड’ने अर्थच बदलतो अशी जागा पाहायची असेल, तर हे वाक्य घ्यावे : ‘वी मेट द वुमन हू लिव्हड नेक्स्ट डोअर’ म्हणजे भेट झाली तेव्हा त्या बाई शेजारी राहत होत्या, ‘हू हॅड लिव्हड नेक्स्ट डोअर’ म्हणजे पूर्वी राहत असत, भेटीच्या वेळी नव्हे. मराठीत दोन्हीकडे ‘शेजारी राहणाऱ्या बाई’ म्हणून भागते. माझ्या मते या पाठाचा सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, कारण येथे मुलाला काळ पाठ करावा लागत नाही, प्रसंग डोळ्यांसमोर आणावा लागतो.

प्रश्न : नोकरीच्या अर्जात ‘हू हॅज’ केव्हा लिहावे? — एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : आजपर्यंतचा अनुभव सांगायचा असेल आणि नेमका काळ द्यायचा नसेल, तेव्हा. ‘कँडिडेट्स हू हॅव वर्क्ड इन अ बँक’ म्हणजे बँकेत काम केलेले, मग ते केव्हाही केलेले असो. वर्ष सांगितले की ‘हॅज’ सोडावे लागते : ‘माय फादर, हू रिटायर्ड इन 2019’ असे लिहावे, तेथे ‘हॅज रिटायर्ड’ चालत नाही. दिवंगत व्यक्तींच्या आयुष्यातील कृतींविषयी लिहितानाही साधा भूतकाळच वापरावा.

प्रश्न : ‘हू’च्या आधी स्वल्पविराम केव्हा द्यावा? — एक वाचक, मडगाव

उत्तर : पुढचे वर्णन काढून टाकले तरी माणूस ओळखू येत असेल, तर द्यावा. ‘आनंदीबाई जोशी, हू ग्रॅज्युएटेड इन मेडिसिन इन 1886, डाइड इन फेब्रुवारी 1887’ या वाक्यात नावानेच व्यक्ती निश्चित झाली आहे; पदवीची माहिती ही भर आहे, म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम हवेत. अनेक जण पहिला देतात आणि दुसरा विसरतात. याउलट ‘द डॉक्टर हू ट्रीटेड माय फादर’ यात वर्णन काढले तर कोणता डॉक्टर हेच कळत नाही, म्हणून तेथे विराम नको. ‘माय ब्रदर हू वर्क्ड इन नाशिक’ असे विरामाविना लिहिले, तर आपल्याला आणखी भाऊ आहेत असा अर्थ निघतो. एकच भाऊ असणाऱ्याने तेथे विराम दिलाच पाहिजे. स्वल्पविरामाच्या रचनेत ‘हू’ऐवजी ‘दॅट’ घालू नये. विराम नसेल तेथे माणसासाठी ‘दॅट’ चालते, औपचारिक लेखनात मात्र ‘हू’ अधिक शोभते. माणसासाठी ‘व्हिच’ आज चालत नाही, पण 1611 च्या इंग्रजी बायबलमधील प्रार्थनेत ‘अवर फादर व्हिच आर्ट इन हेवन’ असेच आहे, त्यामुळे जुन्या ग्रंथात ते आढळल्यास छपाईची चूक समजू नये.

प्रश्न : ‘द मॅन हू केम यस्टर्डे, ही इज माय अंकल’ या वाक्यात माझ्या मुलीच्या बाईंनी ‘ही’ खोडले. का? — एक पालक, पुणे

उत्तर : मराठीत ‘जो’ आला की ‘तो’ यावाच लागतो, किमान मनात तरी असतो. इंग्रजीत ‘हू’ला असा जोडीदार नाही, ‘द मॅन’ हाच मुख्य वाक्याचा कर्ता असल्यामुळे ‘ही’ घातल्यास कर्ता दोनदा येतो. याच कारणाने ‘द लेडी हूम आय मेट हर’ यातले ‘हर’ आणि ‘द मॅन हू हिज सन वेंट अब्रॉड’ यातले ‘हू हिज’ चुकते. दुसऱ्या वाक्यात ‘हूज सन’ पाहिजे. ‘द लेडी आय मेट’ असे ‘हूम’ गाळूनही लिहिता येते, कारण तेथे भेटणारा ‘आय’ आहे आणि ती बाई कर्म आहे. ‘द मॅन हू केम’ मधला ‘हू’ स्वतःच कर्ता असल्याने तो मात्र गाळता येत नाही.